‘डा’ नाही, पाणी म्हण!

२०२५ चा जून महिना आठवत असेलच. पहिलीपासून हिंदीचा विषय तेव्हा घरोघरी पोचला होता. १६ एप्रिलच्या शासन निर्णयात हिंदी ‘अनिवार्य’ होती. १७ जूनच्या निर्णयात तो शब्द गेला आणि ‘सर्वसाधारणपणे’ आला. त्या एका शब्दाची आपण सगळ्यांनी मिळून जी चिरफाड केली, तशी एखाद्या कवितेचीही कुणी करत नसेल. सहा वर्षांचं पोर, अजून धड ‘क’ गिरवता येत नाही, त्याच्या डोक्यावर आणखी एक भाषा कशाला? आधी घरची भाषा पक्की होऊ द्या, मग हवं ते शिकवा. मीही त्यात होतो. नातेवाइकांशी वाद घातले, व्हॉट्सॲपवर लांबलचक निरोप धाडले. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, ५ जुलैला वरळीत मेळावा झाला, पेढेही वाटले गेले.

युक्तिवाद बरोबर होता. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. पण तोच युक्तिवाद खिशात घालून मला मेळघाटात जायचंय, आणि तिथे तो कुणाच्या अंगावर येतो ते बघायचंय.

काही वर्षांपूर्वी तिथल्या धारणी तालुक्यातल्या एका शाळेत दिवसभर बसलो होतो. पहिलीचा वर्ग. गुरुजींनी पाण्याने भरलेला स्टीलचा पेला टेबलावर ठेवला आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलाला विचारलं, “हे काय?” मुलगा लगेच म्हणाला, “डा.” गुरुजी म्हणाले, “डा नाही, पाणी म्हण.” मुलाने एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे, आणि तोंड मिटलं ते मिटलंच. कोरकूत, म्हणजे तिथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत, पाण्याला ‘डा’ म्हणतात. म्हणजे प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. गुरुजींच्या वहीत त्या मुलाच्या नावापुढे शेरा होता : अबोल.

मधल्या सुट्टीत हाच अबोल मुलगा पटांगणातल्या झाडाखाली चार पोरं गोळा करून हातवारे करत कसलीशी गोष्ट सांगत होता. मध्येच कमरेत वाकून घुरघुरत होता, पोरं लोळण घेऊन हसत होती. मी विचारलं, “काय सांगतोय हो?” गुरुजी कान देऊन म्हणाले, “रानडुकराचं आहे. त्यांच्या शेतात शिरलं होतं बहुतेक. तिसरं वर्ष आहे माझं इथं, आता निम्मं कळतं.”

गुरुजी मराठवाड्यातले. त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. आठवडी बाजारात भाजीवाल्या बायकांना विचारून विचारून त्यांनी एक दोनशेपानी वही केली होती, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे कोरकू. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. “आल्या आल्या दोन महिने मला कोरकू शिकवली असती,” ते म्हणाले, “तर या पोरांची दोन वर्षं वाचली असती.” कोरकू भाषेला सरकारची मदत म्हणावी अशी त्या शाळेत मला दिसलेली एकच वस्तू म्हणजे ती वही. आणि ती सरकारची नव्हती.

तर मुद्दा असा, की जून २०२५ मध्ये हिंदीबद्दल आपण जे जे बोललो, ते त्या मुलाच्या बाजूने मराठीबद्दल बोलता येतं. अक्षरशः तेच, शब्द न बदलता. आणि तसं कुणी बोललं, की आपले चेहरे बदलतात. “पण मराठी तर यायलाच हवी ना!” अर्थात यायला हवी. हिंदीवाले तरी दुसरं काय म्हणत होते?

आपली पहिली सुटका ‘बोली’ या शब्दात असते. सरकारी कागदांवर ‘आदिवासी बोलीभाषा’ असं लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं, वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी तशाच या, मराठीच्याच जरा रांगड्या बहिणी. मी वऱ्हाडातला. पुण्यात ‘कुठली ही भाषा’ म्हणून माझ्या बोलण्याला हसलेलं मी ऐकलंय, त्यामुळे बोलीचा अपमान म्हणजे काय हे मला वेगळं सांगायला नको. पण इथे प्रकरण निराळंच आहे. गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा आहेत, त्यांचं गणगोत तेलुगू-कन्नडकडे. कोरकू मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण, आणि तिचे लांबचे नातलग शोधायला निघालात तर कंबोडियाच्या ख्मेरपर्यंत जाल. या कुणाच्या बोली? मराठीच्या तर नाहीतच. गोंडीत पुरुष एका गटात आणि बाई, बैल, झाड, दगड सगळे दुसऱ्या गटात, अशी लिंगांची मांडणी आहे. ती घरून घेऊन आलेलं पोर मराठीच्या तीन लिंगांत अडखळलं, तर ते व्याकरण चुकत नसतं. ते व्याकरण पाळत असतं, फक्त दुसऱ्या भाषेचं.

उलट देणं असेल तर ते आपल्याकडून निघतं. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे, ऐकणाऱ्याला धरून आणि त्याला वगळून. हिंदीच्या ‘हम’ला तो जमत नाही. मराठीने हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून उचलला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. भाषेच्या राजकारणात आपण ‘आपण’ फार मोठ्याने म्हणतो. त्यात धारणीचा तो मुलगा येतो का, हे मात्र कुणी विचारत नाही.

दुसरी पळवाट आकड्यांची. “इतक्या छोट्या छोट्या भाषांना सरकार कुठवर पुरणार?” २०११ च्या जनगणनेत भिल्लांची भिली आणि तिच्या छत्राखाली मोजलेल्या मातृभाषा बोलणारे १ कोटी ४ लाख भरले. गोंडीचे २९ लाख ८४ हजार. यातली एकही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत, नाही. अनुसूचीतल्या बोडोचे १४ लाख ८३ हजार, मणिपुरीचे साडेसतरा लाख, आणि संस्कृत मातृभाषा म्हणून सांगणारे २४,८२१. तेव्हा छोटी-मोठी हा निकष कधी नव्हताच. बोडोला २००३ मध्ये जागा मिळाली ती कित्येक वर्षांच्या, रक्त सांडलेल्या आंदोलनानंतर झालेल्या करारामुळे. आणि कोकणी? ती मराठीची बोली आहे हे सिद्ध करायला आपल्या विद्वानांनी शाईच्या दौती रित्या केल्या. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये अनुसूचीत गेली. पाठीशी राज्य होतं, म्हणून ती भाषा ठरली.

भिल्लांच्या आणि गोंडांच्या पाठीशी राज्य नाही, कारण भाषावार प्रांतरचना ज्या भाषांच्या नावाने झाली त्यांत त्यांच्या भाषा धरल्याच नव्हत्या. आपण संयुक्त महाराष्ट्र मिळवला, त्यासाठी हुतात्मे दिले, त्याचा अभिमान आहेच. पण त्याच रेषांनी भिली मुलूख महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान असा चार ठिकाणी वाटला गेला, आणि गोंडी तर सहा राज्यांत. प्रत्येक राज्यात तिच्यावर वेगळी भाषा, वेगळी लिपी, वेगळं पाठ्यपुस्तक. गडचिरोलीची गोंडी मराठीत भिजलेली, आदिलाबादची तेलुगूत, बस्तरची हिंदीत. आणि मग वरून आपणच म्हणायचं की यांची प्रमाणभाषा कुठेय.

असं असलं तरी सरकार काहीच करत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. करतं. २०१३ मध्ये केंद्राने संकटग्रस्त भाषांच्या संरक्षणाची योजना आणली, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेकडे ती आहे. दहा हजारांहून कमी लोक बोलतात अशा भाषांचं ध्वनिमुद्रण, व्याकरण, शब्दकोश असं काम तिच्यात होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ नावाचं भाषांतराचं ॲप आणलं, त्यात संथाली, मुंडारीबरोबर भिली आणि गोंडीही आहेत. चांगलं आहे. कुणी म्हणेल, अजून काय पाहिजे?

या सगळ्या मदतीचा तोंडवळा मात्र एकसारखा आहे. भाषा टिपून घ्यायची, साठवून ठेवायची, दाखवायची. अंदमानात २०१० च्या जानेवारीत बोआ सीनिअर नावाची म्हातारी वारली आणि तिच्याबरोबर ‘बो’ भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलं. तिचा आवाज भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी आधीच मुद्रित करून ठेवला होता म्हणून आज तो ऐकता तरी येतो. त्या कामाला मी नमस्कार करतो. पण शेवटच्या माणसापाशी यंत्र घेऊन जाणं वेगळं, आणि ज्या भाषेत आजही हजारो पोरं भांडतात, रडतात, रानडुकराची नक्कल करतात, तिला संग्रहाची वस्तू करणं वेगळं. गोंडीला फॉर्मॅलिनची बाटली नकोय. तिला वर्ग हवाय.

आणि वर्ग मागितला की काय होतं, ते मोहगावात दिसलं. गडचिरोली जिल्ह्यातला धानोरा तालुका आपल्याला माहीत असतो तो मेंढा (लेखा) गावामुळे. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा तिथली. मला वाटतं, बहुसंख्य मराठी वाचकांना येणारं गोंडीतलं हे एकमेव वाक्य असेल, आणि ते गोंडी आहे हेही बऱ्याच जणांच्या लक्षात आलेलं नसेल. याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची शाळा काढली. नाव, पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. माध्यम गोंडी, जोडीला मराठी आणि इंग्रजीही. आजूबाजूच्या गावांनी साथ दिली. २०२२ मध्ये शिक्षण खात्याची नोटीस आली : शाळा विनामान्यता आहे, बंद करा. शिक्षणहक्क कायद्यात मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार, अशी तरतूद आहे. जंगलातून मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचून जगणाऱ्या गावाला! ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली.

आता त्याच शिक्षणहक्क कायद्याचं कलम २९ काढून बघा. शिक्षणाचं माध्यम शक्य असेल तिथवर मुलाची मातृभाषा असावं, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. घटनेचं कलम ३५० क राज्यांना सांगतं, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा तर ग्रामसभेलाच आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला समर्थ मानतो. म्हणजे तीन कायदे ज्या कामाला हो म्हणतात, ते काम गावाने स्वतः होऊन केलं, आणि चौथ्या टेबलावरून नोटीस निघाली. ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दावर आपण बारा-पंधरा दिवस रान उठवलं. ‘शक्य असेल तिथवर’ हे शब्द २००९ पासून कायद्यात बसून आहेत, त्यांच्यावर एक अग्रलेख लिहावासा कुणाला वाटला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीच मेख ठेवली आहे, ‘शक्य असेल तिथे’ पाचवीपर्यंत मातृभाषा. शक्य आहे की नाही, हे ठरवणार ज्यांना ती भाषा येत नाही ते.

न्यूझीलंडचं उदाहरण अशा चर्चेत हटकून येतं, आणि बहुधा अर्धंच सांगितलं जातं. तिथे माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, घरातली मुलं माओरी बोलेनाशी झाली, तेव्हा १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, सुरू झाली. आज्या-आजोबांनी नातवंडांना गोळा करून दिवसभर फक्त माओरीत बोलायचं, एवढीच कल्पना. काही वर्षांत अशी शेकडो घरटी उभी राहिली. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. इथवर सगळे सांगतात. पुढची गोष्ट अशी, की १९९० मध्ये ही घरटी शिक्षण खात्याकडे गेली, सर्वसाधारण बालवाड्यांचे नियम त्यांना लागू झाले, आणि १९९३ नंतर मुलांची संख्या घसरत गेली. २०१२ मध्ये माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने आपल्या अहवालात सरकारची यात चूक झाल्याचं नोंदवलं. इमारत कशी हवी, पदवी कोणती हवी, नोंदी कशा हव्यात हे पाहताना आजीला भाषा येते याची किंमत कुणी धरलीच नव्हती. मोहगावची नोटीस त्याच जातीची. हेतू वाईट नसतो, साचा चुकीचा असतो.

यावर जो आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो, तो पुण्या-मुंबईचा नाही, आदिवासी आई-बापांचा आहे. “आमच्या पोराला कोरकू घरीच येते. शाळेत पाठवतो ते साहेबाची भाषा शिकायला. ती नाही शिकवली तर ते इथंच राहील, लाकडं फोडत.” हे मी ऐकलंय, आणि ऐकणाऱ्याची बोलती बंद करणारं हे बोलणं आहे. स्वतःच्या मुलांना इंग्रजी शाळेत घालून मातृभाषेवर लेख पाडणाऱ्या मराठी माणसाने तर इथे खाली मान घालावी. पण नीट ऐकलं तर हा बाप मराठीच मागतोय. आणि मराठी नीट यायची असेल तर पहिली दोन-तीन वर्षं ती कोरकूच्या खांद्यावर बसूनच यावी लागते. वाचणं म्हणजे काय, हे मूल एकदाच शिकतं, आणि जी भाषा कळते तिच्यातच शिकतं. जूनमध्ये आपणच हे सगळ्यांना समजावत होतो. त्या अबोल मुलाने पहिल्या वर्षी ‘डा’ लिहिलं असतं, वाचलं असतं, तर दुसऱ्या वर्षी ‘पाणी’ त्याच्या मालकीचं झालं असतं.

राहिला प्रश्न, जमेल का? ओडिशात जमवलंय, म्हणजे निदान मनावर तरी घेतलंय. २००६-०७ पासून त्यांनी दहा आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले, नंतर ती संख्या एकवीसवर नेली, त्या भाषा बोलणारी माणसं शिक्षक म्हणून घेतली. सगळं आलबेल आहे असं नाही. पुस्तक एका भाषेचं आणि शिक्षक दुसऱ्या भाषेचा असले घोळ तिथेही होतात. पण महाराष्ट्रात आदिवासींची लोकसंख्या २०११ मध्येच १ कोटी ५ लाख होती. पाचशेच्या आसपास शासकीय आणि साधारण तेवढ्याच अनुदानित आश्रमशाळा आहेत. आपल्या भाषेपासून मूल तोडायला याहून सोयीची व्यवस्था कुणाला सुचली नसती : सहाव्या वर्षी घरातून उचलायचं आणि वसतिगृहात ठेवायचं. या आश्रमशाळांमधून सुरुवात करायला आठवी अनुसूची लागत नाही, दिल्ली लागत नाही. पहिली-दुसरीला गावातली भाषा येणारी एक ताई प्रत्येक वर्गात, पगारी, मानधनाच्या तुकड्यावर नव्हे. आदिवासी भागात नेमणूक झालेल्या शिक्षकाला दोन महिने तिथली भाषा, आणि ती आली तर वेतनवाढ. ग्रामसभेच्या शाळेला मान्यता देण्यासाठी वेगळे निकष, ज्यांत मैदानाच्या चौरस फुटांआधी भाषा मोजली जाईल. शब्दकोश आणि ॲप खुशाल करा, पण या तिन्ही गोष्टींनंतर.

एक मोजणी मात्र लगेच सुधारता येईल. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात निहाली बोलणारी दोन-अडीच हजार माणसं आहेत. निहालीचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. अशी भाषा महाराष्ट्राच्या नकाशात आहे आणि शाळेतल्या कुठल्या मुलाला हे माहीत नाही, यावर वेगळा लेख होईल. जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यात तिचं नाव सापडत नाही, कारण १९७१ पासून दहा हजारांखालच्या भाषा स्वतंत्र दाखवायच्या नाहीत असा शिरस्ता आहे. त्या सगळ्या ‘इतर’ होतात. २०२७ च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना पुन्हा येईल. तो शिरस्ता मोडायला ना कायदा बदलावा लागतो ना फार पैसा लागतो, आणि मराठी अभिजात झाल्याचा आनंद ३ ऑक्टोबर २०२४ पासून साजरा करणाऱ्या राज्याने तेवढी मागणी केंद्राकडे करायला हरकत नसावी.

त्या गुरुजींचा मध्यंतरी फोन आला होता. त्यांची आंतरजिल्हा बदली झाली, अखेर गावाजवळची शाळा मिळाली. आई थकलीय, त्यामुळे खूश होते. कोरकू आता बऱ्यापैकी यायला लागली होती, म्हणाले, आणि इथं तिचा काही उपयोग नाही. मी विचारलं, ती वही बरोबर आणली का? “नाही,” म्हणाले, “वर्गाच्या कपाटातच ठेवलीय. वरच्या फळीवर, हजेरीपटाखाली. पुढं कोण येईल त्याला लागेल.”